कोडीवर एक

जागेश्वर मौंदेकरांना तशी कशाचीच किळस नव्हती. तांडापेठेतली तुंबलेली नाली ते पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून स्वतः मोकळी करत आणि वर "पाणीच आहे बाप्पा" म्हणत. सुताला लावायची खळ उन्हाळ्यात आंबून तिचा वास चौकापर्यंत गेला तरी तिच्यात कोपरापर्यंत हात घालून ती ढवळत बसत. कुणाच्या घरी घूस मरून पडली की अख्खा मोहल्ला त्यांनाच हाक मारी, आणि ते ती शेपटीला धरून, वाटेत भेटलेल्याशी दोन शब्द बोलत, सावकाश बाहेर नेऊन टाकत. पण महिन्यातून एखाद्या रविवारी बिलबुक पुढ्यात आलं की या माणसाचं तोंड असं होई, की बघणाऱ्यालाच चूळ भरावीशी वाटे.

"बिल म्हणजे काय गा," ते म्हणत, "आपण माल देल्ला, हे ज्याले देल्ला त्यालेच सांगाचं. त्याले मालूम नाही काय? माल त्याच्याच घरी आहे ना?"

मी त्यांच्या शेजारी राहत होतो आणि माझं अक्षर बरं होतं, एवढ्या अपराधावरून त्यांची बिलं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. लिहायचं मी आणि किळस करायची त्यांनी, अशी कामाची सरळ वाटणी होती.

धंदा डस्टरांचा. कोष्ट्याच्या घरातला जन्म. वडिलांच्या वेळेपर्यंत घरात लुगडी विणली जात. पुढे गिरणीच्या लुगड्यांनी आणि मग नायलॉनच्या पातळांनी त्या मागांचा घास घेतला. जागोभाऊंनी फार रडारड न करता मागावर फडकी घेतली. कचेऱ्यांतली टेबलं पुसायची चौकड्यांची डस्टर. घरात दोन माग, आणि पलीकडच्या बोळात नत्थूचा एक. तोही यांच्याच सुतावर चाले. पण हात लुगड्याचा. त्यामुळे डस्टरलाही त्यांनी एका बाजूला बारीक पिवळी किनार ठेवली होती. टेबल पुसायच्या फडक्याला किनार कशाला, असं त्यांची बायको वच्छलाबाई दर महिन्याला विचारत. "टेबलाले दिसत नसन," जागोभाऊ म्हणत, "मले दिसते ना वं."

तर बिल. बिल तीन प्रतींत, चलान चार प्रतींत. दर दोन कागदांत एक कार्बन. तो कार्बन जागोभाऊ दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून हातभर लांब धरून माझ्याकडे देत. मेलेल्या घुशीलाही त्यांनी कधी इतकं अंतर दाखवलं नव्हतं. मग बिलाच्या पोटात काय काय लिहायचं, त्याची कचेरीने ठरवून दिलेली पोथी होती. माल हातमागाचा असून विक्रीकर माफ आहे, हे एक. सदर मालाचे बिल यापूर्वी सादर केलेले नाही, हे दोन. आणि सगळ्यांत खाली, रक्कम मिळाली असं लिहून त्यावर रसीद टिकट चिकटवायचं आणि टिकटावर आडवी सही ठोकायची. म्हणजे पैसे मिळायच्या आधीच मिळाले म्हणून लिहून द्यायचं. न दिलं तर पैसे मिळत नाहीत. ही सही करताना जागोभाऊ डोळे मिटून घेत.

टिकट ते जिभेनेच लावत. पाण्याने लावा म्हटलं तर म्हणत, पाण्यानं लावलेलं कचेरीत पोचेपर्यंत गळून पडते, अन् त्याच्यासंगं आपली सहीही जाते. मग त्या डिंकाची चव तोंडात घेऊन अंगणात जात, थुंकत, पुन्हा थुंकत, आणि तुळशीची पानं चावत परत येत. सरकारी डिंक कशाचा करतात याबद्दल त्यांचे काही अंदाज होते. ते मी इथं देत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी जेवायला बसलं असेल.

यात एक वाईट योग असा की रविवार हा त्या घरी मटणाचा वार. वच्छलाबाईंच्या सावजी रश्श्यावर लाल तेलाचा बोटभर थर येई आणि पहिल्या घासाला कानाच्या पाळ्या तापत. एकदा त्या तेलाचा एकच थेंब दुसऱ्या प्रतीवर पडला. बिल परत आलं. शेरा होता : 'दुसऱ्या प्रतीवर डाग. खुलासा करावा.' मी खरं ते लिहायला तयार होतो, पण सरकारी कागदावर मटणाचं नाव घालायला जागोभाऊंचं मन होईना. मटणाचा अपमान होईल असं त्यांना वाटलं. नवीन बिल करून दिलं, आणि तेव्हापासून बिलाच्या रविवारी चूल शाकाहारी झाली. इतके दिवस नुसती किळस होती, आता वैर सुरू झालं.

एवढ्याशा थेंबाने जर हे, तर पुढे जे झालं त्याची कल्पना तुम्हीच करा.

कापड मोजायचं तिकडचं माप म्हणजे कोडी. वीस नगांची एक कोडी. आणि मौंदेकरांच्या घरचा रिवाज असा की कोडीवर एक नग वरचा द्यायचा. वीस मागा, एकवीस येणार. एकविसाव्याचे पैसे नाहीत आणि त्याबद्दल बोलणंही नाही. विणणाऱ्याचा हात चुकतो, मोजणाऱ्याची नजर चुकते. एखादा नग विरळ निघेल, एखादा गठ्ठ्यात कमी जाईल. गिऱ्हाइकानं घरी जाऊन कमी पडलं म्हणायला नको, म्हणून तो वरचा. लुगडी होती तेव्हा लुगड्यांवर, आता फडकी आहेत तर फडक्यांवर. आणि या रिवाजाला एकच कलम जोडलेलं होतं : वरचा दिला की परत घ्यायचा नाही. जागोभाऊ ते एका वाक्यात सांगत. "ओकलेलं कोणी चाटते काय?"

साल बहात्तर-त्र्याहत्तरचं असेल. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीने पंचवीस कोडी, म्हणजे पाचशे डस्टर मागवले. कचेरी कोणत्या खात्याची ते सांगत नाही. तिथली माणसं अजून पेन्शन घेत आहेत. माझ्यापायी त्यांचा चहा कडू नको. याआधीही माल तिथं जात असे. आधीचे स्टोअरकीपर गठ्ठ्याला हात लावून "ठीक आहे" म्हणत आणि पान लावायला घेत. या खेपेला त्या खुर्चीवर चंद्रभानजी नावाचे गृहस्थ आले होते. अतिशय सरळ माणूस. त्यांनी माल मोजला.

आठवडाभरात बिल परत आलं. शेरा असा : मागणी पाचशे, चलान पाचशे, प्रत्यक्ष माल पाचशे पंचवीस. तफावत पंचवीस, जादा. खुलासा व्हावा.

जागोभाऊंना वाटलं, खुलासा काय, समोर जाऊन सांगून येऊ. मलाही सोबत घेतलं. चंद्रभानजींनी आम्हाला स्टुलांवर बसवलं, पाणी दिलं, कोडीचा आणि वरच्याचा सगळा रिवाज मान हलवत ऐकून घेतला, आणि मग फार दुःखाने म्हणाले, "कमी आले असते तं सोपं होतं, जागोभाऊ. कमीचा फारम आहे माझ्यापाशी. जादाचा फारमच नाही."

"मंग लिहू नका. ठेवून घ्या."

"कसे ठेवू? रजिस्टरात पाचशे अन् घरात सव्वापाचशे. उद्या कोणी मोजलं तं विचारतील, बाकीचे कोठून चोरून आणले."

सरकारी कचेरीत एखादी वस्तू कमी भरली तर ती चोरी, हे आम्हाला ठाऊक होतं. जास्त भरली तरी चोरीच, हे त्या दिवशी कळलं. रजिस्टरात जागा नसल्यामुळे ते पंचवीस डस्टर चंद्रभानजींनी कपाटाबाहेरच्या एका उघड्या फळीवर वेगळे रचून ठेवले होते. पिवळ्या किनारी एका रेषेत. ठेवले मात्र नीट होते.

मग बिलांची मालिकाच सुरू झाली. चंद्रभानजींनी सुचवलं, पाचशे पंचवीसचं बिल करा. जागोभाऊ म्हणाले, वरच्याचे पैसे घेतले तर तो वरचा कसा राहिला? तरी चंद्रभानजींच्या शब्दाखातर केलं, वरच्यांपुढे भावाच्या रकान्यात शून्य घालून. ते परत आलं, कारण शून्य हा भाव मंजूर नव्हता. मग पंचवीस नग भेट म्हणून दिले असं पत्र जोडून बिल केलं. तेही परत आलं, कारण सरकारला भेट द्यायची तर ती स्वीकारण्याचा अधिकार कुणाला आहे हे वरच्या कचेरीला विचारावं लागणार होतं, आणि वरची कचेरी मुंबईला. प्रत्येक बिलाचा एक रविवार, प्रत्येक रविवारी वांग्याची भाजी. जागोभाऊंची बोटं कार्बनने निळी आणि जीभ टिकटांनी जाड झाली होती. ते मला म्हणाले की आता झोपेतही तोंडात डिंक आल्यासारखं वाटते.

शेवटी हिशेबाच्या साहेबांनीच त्यांना बोलावून घेतलं. मे महिना. बाहेर डांबर वितळत होतं आणि साहेबांच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं. साहेब वयाने लहान, चष्मा मोठा. त्यांनी फाईल उघडली आणि शांतपणे त्रैराशिक मांडलं. पाचशेवर पंचवीस फुकट देऊनही तुम्हाला परवडतं, याचा अर्थ तुमचा भाव शेकडा पाचने चढा आहे. तेवढी रक्कम कापून नवीन बिल द्या. जागोभाऊंनी मान खाली घातली. साहेबांना वाटलं, मुद्दा पटला. म्हणून त्यांनी पुढचा मुद्दा काढला.

"आणि भाव चढा नसेल," ते म्हणाले, "तर मग हे पंचवीस नग इथं कोणाला खूश करायला पाठवले होते?"

जागोभाऊ उठले. नमस्कार केला. बाहेर व्हरांड्यात येऊन नळ उघडला आणि चूळ भरली, पुन्हा भरली, मग तोंडावर पाणी मारून घेतलं. सायकलचं कुलूप काढताना ते म्हणाले, "लाच म्हणते तो. लाच द्याची असती तं फडकं देल्लं असतं काय मी?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

साहेबांचा निकाल दोन दिवसांनी लेखी आला. पुरवठादाराने जादा पंचवीस नग परत न्यावेत, परत मिळाल्याची पावती द्यावी, त्यानंतरच बिलाचा विचार होईल. चंद्रभानजींनी खासगीत निरोप पाठवला की जागोभाऊ, यापेक्षा सोपा निकाल या कचेरीनं आजवर देल्ला नाही, पंचवीस फडकी सायकलवर मांडा आणि सुटून जा.

जागोभाऊंनी तो कागद घडी करून सुताच्या पेटीखाली सरकवला. जात नाही म्हणाले.

जात नाही म्हणणं सोपं होतं. पण सूत संपत आलं होतं. इतवारीतल्या सूतवाल्या शेठनं आधीच्या गठ्ठ्यांचे पैसे आल्याशिवाय नवीन गठ्ठा देणार नाही असं गोड बोलून सांगितलं. त्यानं चहाही पाजला. इतवारीत नकार नेहमी चहासोबतच येतो. पहिला माग बंद पडला तो नत्थूचा, कारण उरलेलं सूत घरच्या दोन मागांपुरतंही नव्हतं. नत्थू काही बोलायला आला नाही. तो रोज सकाळी येऊन ओट्यावर बसे, बिडी ओढे आणि जाई. बोलला असता तर बरं झालं असतं.

बोलल्या त्या वच्छलाबाई. सुताच्या कांड्या भरायचं चाक त्यांच्या पुढ्यात रिकामं पडलं होतं.

"तुमचा रिवाज मोठा का नत्थूचं पोट मोठं?"

जागोभाऊ म्हणाले, बापाच्या वेळेपासून कुणी वरचा परत आणला नाही.

"बापाच्या वेळेस गिऱ्हाईक माणूस होता. सरकार माणूस आहे काय? भिताडाले जेवाले वाढलं, अन् भिताड जेवलं नाही, म्हणून का आपण उपाशी राहाचं?"

हा मुद्दा साहेबांच्या त्रैराशिकापेक्षा भारी होता. जागोभाऊ उठले, दुपट्टा डोक्याला गुंडाळला, सायकलच्या कॅरिअरला दोरी अडकवली आणि मला म्हणाले, "चाल गा. चाटून येऊ."

पाचपावलीचं फाटक बंद होतं. मालगाडी डबे मोजत जावी तशी जात होती. त्या उन्हात उभं राहून मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचं तोंड बिलाच्या रविवारचं होतं, पण त्याच्याही पलीकडचं काही त्यात दिसत होतं. नाली उपसताना, घूस उचलताना जो माणूस गाणं गुणगुणतो, तो स्वतःचीच फडकी आणायला चालला होता आणि फाटक उघडेपर्यंत पुन्हा पुन्हा थुंकत होता.

कचेरीच्या आवारात शिरलो, सायकली झाडाखाली लावल्या, आणि जागोभाऊ थबकले. शेजारी उभ्या असलेल्या एका सायकलच्या सीटवर पिवळ्या किनारीचा डस्टर ताणून बांधलेला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पायऱ्या चढलो. व्हरांड्यात पाण्याच्या माठाला ओला डस्टर गुंडाळलेला. पिवळी किनार गळ्याशी, कंठी घातल्यासारखी. बाकावर चपराशी पहुडला होता, त्याच्या डोक्याखाली एक. आतल्या खोलीत टाइप करणाऱ्या बाईंच्या डब्याला एक. एका बाबूच्या मानेभोवती एक, घामासाठी. टेबल पुसताना मात्र कुणाच्याही हातात दिसला नाही. टेबलांवर धूळ तशीच होती.

जागोभाऊ माठाजवळ थांबले. डस्टरचं टोक दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं. "दाट बसला आहे," ते म्हणाले. त्या कचेरीत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा माणसाचा झाला.

चंद्रभानजी स्टोअरच्या दारातच भेटले. आम्हाला बघून त्यांनी दार जरा ओढून घेतलं. कॅरिअरवरची दोरी जागोभाऊंनी हातात आणली होती, ती पाहून तर त्यांनी दार आणखी ओढलं.

"एवढ्या उन्हात काहून आले, जागोभाऊ? निरोप दिला असता तं..."

"पंचवीस न्याले आलो."

चंद्रभानजींनी आम्हाला आत घेतलं आणि दार लावलं. उघडी फळी मोकळी होती. त्यावर एक सुतळीचा तुकडा आणि एक झुरळ.

झालं होतं ते असं. चंद्रभानजी रजिस्टराच्या बाबतीत इतके सरळ होते की रजिस्टरात जी वस्तू आहे तिला त्यांनी कुणाचा हात लागू दिला नसता. पण फळीवरचे पंचवीस कुठंच लिहिलेले नव्हते. कचेरीत ही बातमी पहिल्या दिवशीच पसरली. जो तो येऊन विचारी, हे कुणाचे? चंद्रभानजी खरं ते सांगत, की कुणाचेच नाहीत. मग कुणाचेच नसलेले एकेक करून कुणाचे ना कुणाचे झाले. "मीबी एक नेला," चंद्रभानजी म्हणाले आणि खाली बघू लागले. "स्कूटर पुसाले."

आता प्रश्न पावतीचा. साहेबांच्या फाईलमध्ये पंचवीस नग बसले होते. ते परत मिळाल्याची पुरवठादाराची सही आल्याशिवाय ना बिल सुटणार, ना चंद्रभानजी. त्यांनी कागद तयारच ठेवला होता. जागोभाऊंच्या पुढे सरकवला, दौत सरकवली, आणि हात जोडले. "सही करून द्या. बिल आजच वर पाठवतो. तुमच्या गळ्याची शपथ."

जागोभाऊंनी कागद वाचून घेतला. मला दोनदा वाचून दाखवायला लावला.

"मी देल्ले, हे खरं," ते म्हणाले. "तुम्ही वापरून राहिले, हेबी खरं, डोयानं पाहून आलो. मंग परत आणले असं मी काहून लिहू?"

"पैसे मिळाले असं तं दर वेळेस लिहिता, न मिळता."

"ते तुमचं पाप आहे, मी फक्त डोये मिटतो. हे माह्या घरचं आहे."

आणि त्यांनी दौत परत सरकवली. मी मनात म्हटलं, संपलं. नत्थूचा माग, शेठचं सूत, सगळं त्या दौतीसोबत मागे सरकलं. चंद्रभानजींनी एकाएकी उठून कपाटाची किल्ली काढली. त्यांच्या डोक्यात असं आलं की पहिल्या मोजणीतच चूक झाली, हे आपणच लिहून द्यायचं. साहेबांच्या चपराशाला साक्षीला बोलावू, पुन्हा मोजू, पाचशे भरले की पंचवीस मुळात आलेच नव्हते. परत देण्याचा प्रश्नच नाही. दोष आपल्या नजरेचा. "नजर चुकते, तुम्हीच म्हणता ना."

"तुमच्या कागदावर तुमची नजर तुम्ही काय लिहाल ते लिहा," जागोभाऊ म्हणाले.

चपराशी आला. डोक्याखाली होता तोच डस्टर आता त्याच्या खांद्यावर होता. गठ्ठे सोडले आणि मोजणी सुरू झाली. चंद्रभानजी मोठ्याने आकडे म्हणत होते, जागोभाऊ ओठात. शेवटची चळत संपली आणि आकडा आला चारशे शहाण्णव.

पुन्हा मोजलं. चारशे शहाण्णव.

चपराशी छताकडे बघू लागला. किनार सगळ्यांची सारखीच, फळीवरचे कोणते आणि कपाटातले कोणते, हे उन्हाळ्यात कोण बघत बसतं? चंद्रभानजींनी खण उघडला. आता कमीचा फारम भरावा लागणार होता, आणि तो त्यांच्यापाशी होता. फारम भरला की माल कमी पुरवला, पुरवठादार मौंदेकर, असं त्या कचेरीच्या दप्तरात कायमचं लिहिलं जाणार.

जागोभाऊंनी दोरी माझ्या हातात दिली. "बसून राहा," म्हणाले, आणि बाहेर गेले.

ते परत आले तेव्हा पाठीला सदरा चिकटलेला होता आणि दुपट्ट्यात चार कोरे डस्टर होते. शेवटच्या सुताचे, सकाळीच मागावरून उतरवलेले. त्यांनी ते चळतीवर ठेवले, किनारीला किनार जुळवून. चपराशानं मोठ्याने म्हटलं, पाचशे. चंद्रभानजींनी लिहिलं, पाचशे. खाली सही केली आणि सही झाल्यावरही ते तो कागद नुसते पाहत राहिले.

परतताना पाचपावलीला पुन्हा फाटक बंद. जागोभाऊ म्हणाले, "पंचवीस न्याले गेलो, अन् चार देऊन आलो. घरी सांगू नको." मी सांगितलं नाही. पण मागावरचे चार कुठं गेले, हे वच्छलाबाईंनी जेवण वाढायच्या आत ओळखलं. त्या हसत सुटल्या, पदर तोंडाला लावून, थांबेचनात. जागोभाऊंनी त्यांच्याकडे फार तुच्छतेने पाहिलं आणि भाकरीचा मोठा तुकडा मोडला.

बिल मंजूर झालं. सूत आलं. नत्थू ओट्यावर बसायचा बंद झाला.

पुढच्या वर्षी त्याच कचेरीची मागणी पुन्हा आली. जागोभाऊंनी पाचशे मोजून, तीनदा मोजून पाठवले, आणि वरचे पंचवीस घरी ठेवून दिले. पाठवले तर पुन्हा ताट्यांच्या खोलीत उभं राहावं लागणार. विकले तर दिलेलं विकल्यासारखं होणार. म्हणून भिंतीतल्या फळीवर ते सरकारच्या नावाने बसले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी पंचवीस. घरातल्या कुणी त्यातल्या एकानेही चूल पुसायची नाही. वच्छलाबाई त्या चळतीला सवत म्हणत; घरात जागा अडवते, काम करत नाही आणि हलवता येत नाही.

चंद्रभानजी रिटायर झाले तेव्हा ती चळत फळीवर मावेनाशी होऊन खाली पाटावर रचली होती, आणि तिथून छताच्या वाशांपर्यंत पोचली होती. त्यांनी हुडकेश्वरकडे प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या, त्याच्या वास्तूचं बोलावणं द्यायला ते घरी आले. चहा घेता घेता त्यांची नजर वर गेली. पिवळ्या किनारींची भिंतच ती.

"हे काय, जागोभाऊ?"

"तुमच्या कचेरीचे वरचे."

चंद्रभानजींनी कपबशी खाली ठेवली. उभा जन्म स्टोअरमध्ये गेलेला माणूस. तोंडातून जे निघायचं तेच निघालं. "अन् याची नोंद कोठं आहे?"

"नोंद नाही," जागोभाऊ म्हणाले. "म्हणून तं सगळेच्या सगळे आहेत."

चंद्रभानजींनी कपबशी पुन्हा उचलली. मग जरा घुटमळत म्हणाले की वास्तूला आलेल्या मानकऱ्यांना द्यायला एक कोडी पंचे पाहिजेत, पण पैसे घेणार असाल तरच. एका मागावर आता पंचे निघत होते; जागोभाऊंनी त्यातले काढून दिले आणि पैसे घेतले, चोख. चंद्रभानजी ओट्यावर बसून पंचे मोजू लागले. विसापर्यंत आवाज आला. पुढे एक पंचा हातात तसाच राहिला. त्यांनी तो त्या विसांच्या चळतीवर ठेवला, हळूच, आणि गाठोडं बांधून स्कूटरला अडकवून निघून गेले.

"मोजले त्यायनं?" वच्छलाबाईंनी आतून विचारलं.

"मोजले."

"मंग?"

"गेले घेऊन," जागोभाऊ म्हणाले, आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले.